चिरकली की हलू नका

मी सोळा वर्षांचा असताना माझी क्लॅरिनेट तीन महिने एकाच जागी चिरकत होती. सूर चढत वर जायचे. डाव्या हाताच्या एका-दोन बोटांवरचे सूर वाजवून झाले की पुढच्या सुरासाठी दोन्ही हातांची बोटं एकदम खाली यायची, आणि नेमकं तिथे पाटीवर खडू करकरावा तसा आवाज निघायचा. शिकवणाऱ्यांचं सांगणं एकच होतं : ओठ नीट धर. मी ओठ धरत राहिलो. खालच्या ओठाला आतून दातांचे वण पडले, जेवताना तिखट लागलं की डोळ्यांत पाणी यायचं, पण सूर काही सुटेना. पुढे पुढे तर त्या जागेच्या चार सूर आधीपासूनच माझा श्वास आखडायला लागला.

शेवटी वडील मला एका वयस्कर कारागिराकडे घेऊन गेले. ते बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करायचे. त्यांनी माझं वाद्य हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, “वाजव. आणि चिरकली की हलू नकोस. बोटं आहेत तिथेच राहू देत.” मी वाजवलं. चिरकली. मी तसाच थांबलो. ते उठून माझ्या उजव्या बाजूला आले, वाकले, आणि माझ्या उजव्या तर्जनीच्या मुळाशी आपल्या पेन्सिलीचं टोक टेकवलं. तिथे क्लॅरिनेटच्या कडेला चार लांबट चाव्या असतात. अनामिका आणि करंगळी खालच्या लांबच्या जागांवर पोचवायच्या म्हणून मी अख्खा पंजा आत ओढत होतो, आणि त्या ओढीत तर्जनीचं मूळ एका चावीवर टेकत होतं. तिचं झाकण केसभर उचललं जात होतं. त्यांनी डब्यातून जाड दोरा काढला, त्या चावीचं झाकण वाद्याला घट्ट बांधून टाकलं आणि म्हणाले, “आता वाजव.” तीन महिन्यांत पहिल्यांदा तो सूर स्वच्छ आला. दोरा सोडता सोडता ते म्हणाले, “ओठ चांगले आहेत तुझे.”

ज्या ओठांना मी तीन महिने शिक्षा दिली, त्यांचा काही दोषच नव्हता. हे पुस्तक लिहिण्यामागचं कारण एवढंच आहे. पुढे मी स्वतः शिकवायला लागलो, लहानमोठी दुरुस्ती करायला लागलो, तेव्हा हाच प्रकार पुन्हा पुन्हा समोर आला. मुलगा किंवा मुलगी चिरकते. कुणीतरी म्हणतं, फुंक कमी कर. कुणी म्हणतं, जास्त फुंक. कुणी पत्ती बदलायला सांगतं. आणि कारण मात्र भलतीकडेच असतं. काही मुलं अशा वेळी वाद्य ठेवून देतात. त्यांना वाटतं, आपल्याला जमत नाही. प्रत्यक्षात त्यांच्या वाद्याचा एखादा पॅड फाटलेला असतो.

चिरकण्याची कारणं शोधता येतात, आणि बहुतेक कारणं दूरही करता येतात. त्यासाठी कान, डोळे, एक वही आणि थोडा धीर लागतो. पण आधी क्लॅरिनेट चिरकते म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घ्यायला हवं.

बासरी वाजवणाऱ्याला विचारा. तो सांगेल की सगळी बोटं होती तिथेच ठेवून फुंक जोरात मारली, तर षड्जाच्या जागी तार षड्ज निघतो. सनईचंही तसंच, तिची नळी खाली रुंदावत जाते, तीही वरच्या सप्तकात तोच सूर देते. क्लॅरिनेट तसं करत नाही. तिची नळी जवळजवळ सगळीकडे सारख्याच व्यासाची, सुमारे पंधरा मिलिमीटरची, आणि पत्तीकडचं टोक ध्वनीच्या हिशेबाने बंद. अशा नळीत मूळ सुरानंतरचा पहिला मुक्काम तिप्पट कंपनांवर असतो. म्हणजे खाली षड्ज वाजत असेल, तर वर तार सप्तकातला पंचम निघतो. त्याच्याही वरचा मुक्काम पाचपट कंपनांवर, म्हणजे आणखी वरच्या सप्तकातल्या शुद्ध गंधारावर. हे सगळे सूर त्याच नळीत, त्याच बोटांखाली सतत तयार असतात. आपण खालचा सूर वाजवतो तेव्हा हे वरचे सूर गेलेले नसतात, दबून राहिलेले असतात.

त्यांना मुद्दाम वर आणायची सोय वाद्यातच आहे. डाव्या अंगठ्याजवळची चावी दाबली की वरच्या बाजूला जेमतेम तीन मिलिमीटरचं एक भोक उघडतं. एवढ्याशा भोकाने मूळ सुराचा पाय घसरतो आणि वरचा पंचम बोलायला लागतो. क्लॅरिनेटचं अर्धं वैभव या एका छिद्रावर उभं आहे. मोझार्टने १७९१ साली आपला मित्र अँटोन स्टॅडलर याच्यासाठी क्लॅरिनेटचा कन्सर्टो लिहिला, त्यात खालच्या गडद सुरावरून वरच्या उजळ सुरावर ज्या झेपा आहेत, त्या या गुणाच्या जोरावर.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. तीन मिलिमीटरचं भोक हेतूने उघडलं की सूर उडी मारतो. मग अनामिकेखालचं भोक बाजूने केसभर उघडं राहिलं तर? पॅडची कड सुईच्या अग्राएवढी फाटली असेल तर? चावीवर तर्जनीचं मूळ टेकलं तर? नळीला हेतू कळत नाही, तिला भोक तेवढं कळतं. ती उडी मारते. पण भोक चुकीच्या जागी असल्यामुळे उडीही वाकडी पडते, ज्या सुरावर उतरायचं तो सूर सोडून भलत्यावर उतरते. आपण त्याला चिरकणं म्हणतो.

दुसरा प्रकार पत्तीचा. बारीक पत्तीला स्वतःचा एक सूर असतो, सेकंदाला दोन हजारांहून अधिक कंपनांचा, किंचाळीसारखा. क्लॅरिनेटचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला सुमारे १४७ कंपनांचा. हार्मोनियमच्या भाषेत मंद्रातली पांढरी दोन. एवढा खोल सूर वाजताना पत्तीने आपला हट्ट सोडून नळीच्या म्हणण्याप्रमाणे हलावं लागतं. तिचा हट्ट दाबून ठेवण्याचं काम खालच्या ओठाची मऊ उशी करते. ओठ भलत्या जागी गेला, सैल पडला, किंवा दातांनी ओठाचा फळा करून टाकला, की पत्ती सुटते आणि आपल्याच सुरात ओरडते. म्हणजे चिरकण्याची दोनच मुळं : हवा नको तिथून निसटली, किंवा पत्ती ताब्यातून सुटली. पुढच्या सगळ्या प्रकरणांत जी कारणं दिली आहेत, ती या दोन मुळांच्या फांद्या आहेत.

क्लॅरिनेटचा इतिहासही याच निसटत्या हवेशी झगडण्याचा इतिहास आहे, म्हणून त्याची थोडक्यात ओळख इथे करून देतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने शालुमो नावाच्या जुन्या वाद्यापासून क्लॅरिनेट घडवली, असं मानलं जातं. तिला दोन चाव्या होत्या. पुढची शंभर वर्षं चाव्या हळूहळूच वाढल्या. चावी वाढवायची म्हणजे नळीला आणखी एक भोक पाडायचं, आणि त्यावरचं सपाट चामड्याचं झाकण कधीच पुरतं बसायचं नाही. जितकी झाकणं, तितक्या गळक्या जागा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इवान म्युलरने मऊ भरीव पॅड वापरले, भोकांच्या कडा त्यांना बसतील अशा घडवल्या आणि तेरा चाव्यांची क्लॅरिनेट पॅरिसला नेली. तिथल्या संगीत विद्यालयाने नेमलेल्या समितीने ती नाकारली, तरी वाद्य टिकलं. त्यानंतर इयासँत क्लोझे हा वादक आणि लुई ऑगस्त ब्यूफे हा कारागीर एकत्र आले. बोटाने भोक झाकलं की भोवतालची कडी दाबली जाऊन दुसरीकडचं झाकणही बसावं, अशी योजना त्यांनी क्लॅरिनेटला लावली आणि १८४४ साली तिचं पेटंट मिळवलं. सतरा चाव्या आणि सहा कड्यांची ती रचना आज आपल्या बहुतेकांच्या हातात आहे. तिच्यातला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक स्प्रिंग, प्रत्येक कॉर्कचा तुकडा एकाच कामावर आहे : जिथे बंद हवं तिथे बंद, जिथे उघडं हवं तिथे उघडं. यांतला एक जरी कामचुकार निघाला तरी वाद्य बोलून दाखवतं.

आपल्याकडे क्लॅरिनेट लष्करी बँडबरोबर आली आणि लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत मुरली. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात, दरबार यांसारख्या बँडपथकांनी तिला लोकांच्या कानाशी आणून ठेवलं. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांनी तिला जागा मिळवून दिली. मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी पोचल्या. तिकडे तामिळनाडूत ए. के. सी. नटराजन यांनी हेच वाद्य कर्नाटक संगीताच्या मैफलीत मानाने बसवलं. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

हा उल्लेख गौरवापुरता केलेला नाही. आपण क्लॅरिनेट ज्या पद्धतीने वाजवतो, त्याचा चिरकण्याशी थेट संबंध आहे. युरोपातल्या शिकवणीच्या पुस्तकांत बोट भोकावर पूर्ण बसलं पाहिजे असा नियम असतो आणि अर्धवट झाकलेलं भोक ही चूक मानली जाते. आपल्याकडे अभंग वाजवायचा असो की लावणी, मींड आल्याशिवाय ती गाणी आपली वाटत नाहीत. मींड काढायची तर बोट भोकावरून सरकवत, तिरपं करत न्यावं लागतं. म्हणजे हवा जाणूनबुजून थोडी थोडी सोडायची. जी गळती चिरकण्याचं कारण, तीच इथे कलेचं साधन. म्हणून आपल्या वादकाला दुहेरी शिस्त लागते. ज्याचं बोट सरळ सुरावर शंभर टक्के बसतं, त्यालाच ते हव्या त्या क्षणी, हवं तेवढं उचलता येतं. मींडेत चिरकणाऱ्या विद्यार्थ्याला मी आधी आठवडाभर मींड बंद करायला सांगतो आणि तेच सूर उभे, स्थिर वाजवून घेतो. उभे सूर चिरकले नाहीत, तर दोष बोट सरकवण्याच्या गतीत किंवा त्या वेळी ढिल्या पडणाऱ्या फुंकेत असतो. उभे सूरही चिरकले, तर मींडेचा काही संबंध नाही.

शोधाची पद्धत अशी आहे. “का चिरकली?” हा प्रश्न लगेच विचारू नये, त्याचं उत्तर म्हणून आपण अंदाज बांधत बसतो. “केव्हा चिरकली?” हे विचारावं, कारण याचं उत्तर डोळ्यांना दिसतं. नेहमी एकाच सुरावर चिरकते का? मग त्या सुराला लागणारं बोट किंवा झाकण पाहा. नेहमी एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना चिरकते का? मग त्या दोन सुरांमध्ये जी बोटं हलतात ती पाहा. वाजवायला बसल्या बसल्या चिरकते आणि दहा मिनिटांनी सुधारते? पत्ती कोरडी आहे. उलट अर्ध्या तासाने चिरकायला लागते? ओठ थकलेत, किंवा श्वासातलं पाणी एखाद्या भोकात जाऊन बसलंय. घरी नीट वाजते आणि मिरवणुकीत चिरकते? मग शेजारच्या ढोल-ताशावर मात करायला तुम्ही दात आवळताय. सगळ्याच सुरांवर, कधीही, कशीही चिरकते? पत्ती आणि माऊथपीसपासून सुरुवात करा.

दुसरा नियम : एका वेळी एकच गोष्ट बदला. पत्ती बदलली, लिगेचर घट्ट केलं, ओठ पुढे घेतले आणि बैठकही बदलली, मग चिरकणं थांबलं. तर नेमकं कशाने थांबलं हे कधीच कळणार नाही, आणि महिन्याने ते परत येईल तेव्हा आपण पुन्हा पहिल्या पायरीवर असू. कारागिराचा दोरा मला म्हणूनच मोठा वाटतो. त्याने बाकी सगळं होतं तसं ठेवून एकच चावी चाचणीबाहेर काढली. शक्य असेल तेव्हा अदलाबदलही करा : तुमचा माऊथपीस आणि पत्ती मित्राच्या वाद्याला लावून तुम्ही वाजवा, त्याचे तुमच्या वाद्याला लावून त्याला वाजवू द्या. चिरकणं कुणाबरोबर गेलं ते पाहा. दोष वादकात आहे, तोंडाकडच्या सामानात आहे की नळीत, हे दहा मिनिटांत कळतं.

पुस्तकाचे तीन भागही असेच केले आहेत.

पहिला भाग बोटांचा आणि ओठांचा. बोटांना आधी घेतलं, कारण माझ्या अनुभवात शिकाऊ वादकाचं चिरकणं बहुतेक वेळा तिथे सापडतं. क्लॅरिनेटचं पाऊण किलोच्या आसपासचं वजन उजव्या अंगठ्यावर असतं. अंगठा दमला की पंजा फिरतो, आणि पंजा फिरला की सगळ्यात आधी अनामिका भोकावरून घसरते. बोटाच्या टोकाने भोक झाकायचं नसतं, पेराच्या मांसल गादीने झाकायचं असतं. वाजवून झाल्यावर बोटांच्या गाद्यांवर भोकांचे गोल वळ उमटले आहेत का, ते पाहा. वळ पूर्ण गोल असेल तर बोट बसलं होतं. चंद्रकोरीसारखा असेल तर एका बाजूने हवा निसटत होती. लहान मुलांच्या बाबतीत हे वळ सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार असतात.

दोन सप्तकांमधला सांधा ओलांडण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, कारण सगळ्यांत जास्त अश्रू तिथे सांडतात. सांध्याच्या अलीकडचा सूर एक-दोन बोटांचा, आणि लगेच पलीकडचा सूर आठ-नऊ बोटांचा. इतकी बोटं एका क्षणी खाली येणं कठीणच. मग उपाय काय? उजव्या हाताची बोटं आधीच खाली ठेवून द्यायची. अलीकडच्या सुरांना त्याने फारसा फरक पडत नाही, आणि सांधा ओलांडताना निम्मी बोटं आपापल्या घरी बसलेली असतात.

ओठांच्या बाबतीत मोजमाप देण्याचा प्रयत्न केला आहे, कारण “नीट धर” या सूचनेचा विद्यार्थ्याला काही उपयोग होत नाही. एक पातळ कागद पत्ती आणि माऊथपीस यांच्या मधल्या फटीत अलगद सरकवा. तो जिथे अडतो, तिथून पत्ती माऊथपीसपासून सुटी होते. खालचा ओठ साधारण त्या रेषेवर असावा. त्याच्या फार पुढे टोकाकडे असेल तर आवाज घुसमटतो. फार मागे गेला तर पत्तीचा मोठा भाग मोकळा राहतो आणि ती ओरडते. दुसरी चाचणी कानाची. फक्त माऊथपीस आणि त्याला जोडलेला बॅरल घ्या आणि फुंका. आपल्या नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटवर हार्मोनियमच्या तार सप्तकातल्या काळी तीनच्या आसपास सूर यायला हवा, आणि तो न डगमगता टिकायला हवा. खूप खाली येत असेल तर ओठ सैल आहेत. वर चढत असेल तर दात आवळले जाताहेत. घरात हार्मोनियम असलेल्या कुणालाही ही तपासणी गुरूशिवाय करता येते.

दुसरा भाग पत्ती आणि माऊथपीसचा. पत्ती ज्या गवतापासून बनते ते बोरूसारखं पोकळ, उंच वाढणारं. फ्रान्सच्या दक्षिणेकडचा व्हार प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. पत्तीचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं पातळ असतं. एवढ्या पातळ लाकडी पापुद्र्याला आपलं हवामान सोसवत नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो वाकतो, श्रावणातल्या दमटपणात फुगतो. कोरडं पडलेलं टोक उजेडात तिरपं धरलं की सुरकुत्या दिसतात. तसं असताना वाजवलं तर पत्ती एका बाजूने हवा सोडते. पाण्यात भिजवून काचेच्या तुकड्यावर बोटाने हलकेच सपाट करावी, सुरकुत्या गेल्यावरच वाजवावी. टोकाला केसभर जरी चीर असेल तर ती पत्ती फेकून द्यावी, चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये. पत्ती आणि माऊथपीस नीट बसले आहेत का, हे पाहण्याची एक सुंदर चाचणी आहे : माऊथपीसचं मागचं तोंड तळहाताने बंद करा आणि पुढून हवा ओढून घ्या. पत्ती आत ओढली जाऊन क्षणभर चिकटून राहिली आणि मग टक् असा आवाज करून सुटली, तर ठीक. चिकटलीच नाही, तर कुठेतरी फट आहे : पत्ती तिरकी बसली असेल, तिची पाठ सपाट नसेल, किंवा माऊथपीसच्या कडेचा टवका उडाला असेल. टवका डोळ्यांना दिसला नाही तरी नखाला लागतो.

पत्तीच्या क्रमांकाविषयी आपल्याकडे एक हट्ट आहे, तोही इथे सांगतो. जाड पत्ती वाजवणारा तो खरा वादक, असं मुलांच्या डोक्यात कुणीतरी भरवतं. अडीच नंबरवर छान वाजवणारं मूल तीनवर जातं, पत्ती हलवायला दात लावतं, आणि चिरकायला लागतं. पत्तीचा नंबर ही मर्दुमकी नव्हे. माऊथपीसचं तोंड किती उघडं आहे, फुंक किती आहे, ओठ किती मुरलेत, यांच्याशी तिचं जमावं लागतं.

तिसरा भाग वाद्याच्या अंगाचा. चांगल्या क्लॅरिनेटचं काळं लाकूड पूर्व आफ्रिकेतून, टांझानिया-मोझांबिककडून येतं. आपल्या शिसवाच्याच कुळातलं. त्यावरची प्रत्येक चावी एका पॅडवर भिस्त ठेवून असते. नेहमीचा पॅड म्हणजे नमद्याची चकती, वरून पातळ पापुद्र्याने मढवलेली. पापुद्रा फाटला की नमदा उघडा पडतो आणि त्यातून हवा झिरपते. तपासणीसाठी वाद्याचा वरचा भाग वेगळा काढा, बोटांची भोकं आणि अंगठ्याचं भोक झाका, खालचं तोंड तळहाताने बंद करा आणि वरून हवा ओढा. आत पोकळी धरली गेली पाहिजे, ओठाला वाद्य चिकटल्यासारखं वाटलं पाहिजे. लगेच सुटत असेल तर गळती आहे. ती कुठल्या झाकणाखाली, हे शोधायला सिगारेट वळायच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली ठेवा, झाकण बसू द्या, आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी सारखी अडली पाहिजे. जिथून ती अलगद निघून येते, तिथे हवेला वाट आहे.

याच भागात वरचा आणि खालचा सांधा जोडणाऱ्या पुलाच्या चावीकडे खास लक्ष द्यावं. वाद्य जोडताना ती उचलून न धरता सांधा पिळला की ती वाकते, आणि मग दोन झाकणं एकत्र बसायला हवीत त्यातलं एक अधांतरी राहतं. शिकाऊ वाद्यांत हा दोष मला सर्रास दिसतो. वाद्य जोडायचं कसं, हे पहिल्याच दिवशी दाखवलं असतं तर तो झालाच नसता. कुठे थांबायचं, तेही प्रत्येक ठिकाणी लिहिलं आहे. स्प्रिंग जागेवर बसवणं, ढिला स्क्रू हलक्या हाताने आवळणं, भोकातलं पाणी टिपून घेणं घरी करावं. लाकडाला चीर, वाकलेली चावी, नवा पॅड बसवणं ही कारागिराची कामं आहेत, ती त्याच्याकडेच न्यावीत.

हे पुस्तक एकट्याने वाचण्याजोगं असलं, तरी ते शिक्षकाच्या आणि पालकांच्या हातातही पडावं अशी माझी इच्छा आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे की मूल चिरकलं तर पहिल्यांदा त्याचं वाद्य स्वतः वाजवून बघा, तोंडाकडचं सामान तपासा, आणि मग ओठांविषयी बोला. पालकांना विनंती अशी, की सुरुवातीच्या वर्षभरात घरातून चिरकण्याचे आवाज आले तर त्यावर हसू नका. सूर खोटा लागल्याचं दुःख त्या मुलाला तुमच्याहून जास्त असतं. आणि विद्यार्थ्यांना : एक छोटी वही ठेवा. तारीख, कुठल्या सुरावर किंवा कुठल्या दोन सुरांमध्ये चिरकली, किती वेळ वाजवून झालं होतं, काय बदललं, काय झालं. पंधरा दिवसांच्या नोंदी वाचल्या की कारण आपोआप पानावर उभं राहतं. माझ्याकडे अशा वह्यांचा एक गठ्ठा आहे. त्यातल्या एका मुलीच्या वहीत सलग नऊ दिवस एकाच सुराची नोंद होती आणि दहाव्या दिवशी फक्त एवढं : “अंगठा वर घेतला. गेली.”

१९२४ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’चा पहिला प्रयोग झाला. त्याच्या आरंभी क्लॅरिनेटचा एक सूर खालून वर घसरत, लांबत जातो, आणि ऐकणारा सरसावून बसतो. रॉस गोरमन या वादकाने तो तसा घेतला. बोटं भोकांवरून तिरपी सरकवत, घसा आणि ओठ यांनी पत्तीला हळूहळू सोडत तो सूर काढला जातो. हवा निसटणं आणि पत्ती सुटणं, चिरकण्याची जी दोन मुळं आपण वर पाहिली, तीच इथे वादकाच्या हुकमात आहेत. वाद्य दोन्ही वेळा एकाच नियमाने चालतं. फरक इतकाच, की एकदा आपल्याला ठाऊक असतं आणि एकदा नसतं. हे पुस्तक त्या ठाऊक होण्यासाठी आहे.

ज्या कारागिरांनी मला पहिली चाचणी शिकवली, त्यांचं ऋण मोठं आहे. त्यांच्या दुकानात पुढे मी अनेक दुपारी बसलो. त्यांनी मला पॅड तापवून बसवायला शिकवलं, कॉर्क घासायला शिकवलं, आणि वाजवणाऱ्याकडे बघायला शिकवलं. ज्या विद्यार्थ्यांनी आपल्या वह्या मला वाचू दिल्या आणि त्यांतल्या नोंदी वापरायची परवानगी दिली, त्यांचेही मनापासून आभार.

पुढच्या पानापासून पहिलं प्रकरण सुरू होतं. वाद्य जोडून शेजारी ठेवा, पत्ती भिजवा, आणि जी जागा नेहमी चिरकते तीच मुद्दाम वाजवा. चिरकली की हलू नका. बोटं आहेत तिथेच राहू देत. आता मान वळवून उजवा हात बघा, मग डावा.

पुणे